डोंगरवाटा: वाचकांचे प्रश्न
या वेळचा मुक्काम – निरगुडपाडा

मागच्या अंकात मी हरिहर किल्ल्यावर दीड पान लिहिलं आणि त्यात 'वाट सोपी आहे' हे तीन शब्द टाकले. त्या तीन शब्दांवर जेवढी पत्रं आली तेवढी गेल्या चार वर्षांत सगळ्या सदरावर मिळून आली नसतील. म्हणून या वेळी दुसरीकडे कुठे जातच नाही. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबक–खोडाळा रस्त्यावरचा निरगुडपाडा आणि त्याच्या आजूबाजूचे डोंगर, एवढंच.

ताई, तुमचा लेख वाचून आम्ही उभयता हरिहरला गेलो. मधल्या पायऱ्यांवर माझी पत्नी वीस मिनिटं अडकून होती. हात थरथरत होते, ना वर ना खाली. याला सोपी वाट म्हणायची? – एक वाचक, कल्याण

चूक माझी. 'सोपी' हे मी गावापासून पायऱ्यांच्या बुडापर्यंतच्या वाटेला म्हटलं होतं. पायऱ्यांपाशी आल्यावर तो शब्द मागे घ्यायचा, तो घेतला नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना 'विशेषण कुणाला लागलंय ते आधी बघा' म्हणून पोरांच्या मागे लागले आणि स्वतः लिहिताना घसरले.

वहिनी चढताना अडकल्या की उतरताना, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी मात्र उतरताना धरून चालते. चढताना डोळ्यांसमोर कातळ असतो, पुढची पायरी असते, पाठीमागे काय आहे ते दिसतच नाही. परत निघालं की माणूस जिना उतरतो तसा पाठ कातळाकडे आणि तोंड दरीकडे करून पहिलं पाऊल टाकतो, आणि समोर एकदम सगळं उघडं पडतं. तिथे हात थरथरले नाहीत तर नवल.

हरिहरच्या पायऱ्या जिन्यासारख्या उतरायच्याच नसतात. गच्चीवरच्या टाकीची लोखंडी शिडी उतरतो तसं उतरायचं, तोंड कातळाकडे करून. प्रत्येक पायरीला दोन्ही कडांना हाताची बोटं बसतील अशा खोबण्या कोरलेल्या आहेत. ज्याने त्या कोरल्या त्याला तुमच्या पत्नीची भीती माहीत होती असं मला नेहमी वाटतं. दोन हात आणि दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवायचं, बाकी तीन घट्ट. खाली दोन पायऱ्यांवर शांत स्वभावाचा माणूस हवा. 'अजून चार बोटं खाली, हां, टेकला पाय' एवढंच त्याने बोलायचं. वरून 'काही होत नाही, ये' असं ओरडणाऱ्याला आधीच पुढे पाठवून द्यावं. बहुधा तो नवराच असतो.

आणि एक विचारते, राग मानू नका. रविवारी गेला होतात ना? पायऱ्या एका माणसाच्या रुंदीच्या. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले की एकाने कातळाला चिकटून उभं राहायचं. अशी शंभर माणसं झाली की खालचा हलत नाही म्हणून वरचा थांबतो, आणि थांबलं की पाय कापायला लागतात. या वीस मिनिटांतली पंधरा गर्दीची असावीत. आदल्या रात्री गावात मुक्काम करा, मधल्या वारी पहाटे साडेपाचला निघा. साडेसातच्या आत पायऱ्यांना हात लागतो आणि माकडांखेरीज कुणी नसतं. माकडांचंही सांगून ठेवते. बिस्किटाचा पुडा हातात धरून पायऱ्या चढू नका. पुडा ती नेणारच, तुमचा हात सुटायला नको.

डिसेंबरात तीन दिवस निरगुडपाड्याला राहायचा बेत आहे. मी, नवरा (दर रविवारी दहा किलोमीटर पळतो), ११ वर्षांची मुलगी, कधीच डोंगर न चढलेली नणंद आणि गुडघेदुखीवाले सासरे (वय ६८). सगळ्यांना जमेल असा एकच डोंगर सांगाल का? – एक वाचिका, पुणे

एकच सांगितला तर दोघं कंटाळतील आणि दोघं रडतील. तुमच्याकडे तीन दिवस आहेत, वाटून घेऊ.

पहिल्या दिवशी नाशिकहून येताना वाटेतच अंजनेरी करा. किल्ल्याची उंची ४,२०० फुटांच्या आसपास, म्हणजे हरिहरपेक्षा पाचशेक फूट जास्त. तरी पाचही जणांना झेपेल असा तोच. गाडी बरीच वर जाते, पुढे बांधलेल्या पायऱ्या आहेत, मधल्या घळीत सावली असते, वाटेत कातळात कोरलेलं जैन लेणं लागतं आणि वर सपाट पठार. पठारावर अंजनीमातेचं देऊळ. सासऱ्यांनी तिथेच बसावं. दुसऱ्या टप्प्यावरच्या देवळाला बाकीच्यांनी जाऊन यावं. मुलीला कड्याकडे बघायला सांगा, गिधाडं घिरट्या घालताना दिसतात. ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे ते कंदीलपुष्प मात्र पावसाळ्यात फुलतं. डिसेंबरात त्याच्या शोधात गवत तुडवू नका.

सासऱ्यांसाठी दोन काठ्या न्या, एक पुरत नाही. गुडघा चढताना गप्प असतो आणि उतरताना सगळी थकबाकी वसूल करतो. माझे दोन्ही आता याच कामाला लागलेत.

दुसऱ्या दिवशी हरिहर. सासरे गावात ओट्यावर उन्हाला बसतील. गावातल्या म्हाताऱ्यांशी त्यांचं तुमच्यापेक्षा चांगलं जमेल. नणंदबाईंना पायऱ्यांच्या बुडापर्यंत न्या. गावातून दिसणारा चौकोनी ठोकळा जवळ गेल्यावर तिकोनी निघतो आणि समोर ती कातळात खोदलेली शिडी उभी राहते, तिथवर. पुढे यायचं की नाही ते त्यांनी तिथे उभं राहून ठरवायचं. आदल्या रात्री जेवताना कुणी 'तू येणारच' असं वदवून घेऊ नये. मुलगी चढेल. मुलं चढतात, पाय हलके असतात त्यांचे. तिच्या लगेच खाली एक मोठं माणूस, चढताना आणि उतरतानाही. पहिल्या दरवाजानंतर कपारीतून वाकून आडवं जावं लागतं आणि पुन्हा पायऱ्या लागतात. 'झालं' असं वाटतं तिथे ते संपलेलं नसतं, हे तिला आधीच सांगून ठेवा. वर मारुती आहे, महादेव आहे, तळं आहे, घुमटी छपराचं दोन खोल्यांचं कोठार आहे. सगळ्यात वरच्या टेपाडावर जायला शेवटी जरासा कातळ चढावा लागतो. तो मुलीला चढू देऊ नका. फोटो कोठारापाशीही छान येतो.

तिसऱ्या दिवशी ब्रह्मगिरी, त्र्यंबकहून. गोदावरीचा उगम म्हणून सासरे आनंदाने येतील. गंगाद्वारापर्यंतच्या पायऱ्याच सातशेच्या घरात आहेत, त्यांना तेवढ्यावर समाधान मानू द्या. बाकीचे जटामंदिरापर्यंत जा. आणि तुमच्या पळणाऱ्या यजमानांना तिथून पुढे दुर्गभांडारला पाठवा. खडकात चर खणल्यासारखा अरुंद जिना खाली उतरतो, तळाशी मातीने बुजत आलेल्या दरवाजातून पोटावर सरपटत बाहेर यायचं, की समोर दोन डोंगरांना जोडणारी नैसर्गिक दगडी भिंत, दोन्ही अंगांना दरी. ती ओलांडली की पुन्हा सरपटायचं आणि पुन्हा जिना. दहा किलोमीटरच्या पळण्याने छाती तयार होते, घोटा नाही. हे त्यांना तिथे आपोआप कळेल, मी लिहिलं तर पटणार नाही.

आम्ही सहा मित्र, राजगड–तोरणा, कळसूबाई, हरिश्चंद्रगड सगळं झालंय. हरिहर म्हणजे आता जत्रा. निरगुडपाड्याहूनच बसगड आणि उतवड करायचे आहेत. एका दिवसात दोन्ही होतील? – एक वाचक, ठाणे

होतील म्हणणारे भेटतील. मी नाही म्हणते. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण बसगड हा माझा लाडका आणि मला सगळ्यात जास्त रडवलेला डोंगर आहे.

बसगड म्हणजेच भास्करगड. निरगुडपाड्यात उभं राहिलं की एका अंगाला हरिहर आणि दुसऱ्या अंगाला हा. उंचीत दोघांत फारसा फरक नाही, हरिहर ३,६७६ फूट तर हा ३,५०० च्या आसपास. पण हरिहरला हजार माणसांच्या पायांनी वाट रुळवून ठेवलीय. बसगडची वाट रानातून जाते आणि त्या रानात गुरांच्या वाटाच जास्त. ढोरवाट सुरुवातीला माणसाच्या वाटेपेक्षा ठळक असते आणि मग करवंदीच्या जाळीत तुम्हाला सोडून देते. जंगल संपलं की कातळाच्या पोटाखालून आडवी मारत लांबवर जायचं. इथे उजवीकडे भिंत, डावीकडे उतार आणि पायाखाली घसारा, म्हणजे घसरणारी सुटी माती-खडी. मगच पायऱ्या सापडतात. त्या पायऱ्या बघायला मी तिथे पाचदा गेले आहे. डोंगर चिरून नाळ काढावी तशा, दोन्ही बाजूंना उंच कातळभिंती, मधून नागमोडी वर जाणारा जिना आणि त्यात वर्षानुवर्षांची माती-दगड भरून राहिलेले. वरचा दरवाजा एवढा गाडला गेलाय की आडवं होऊन आत शिरावं लागतं. किल्ल्यात सरपटत शिरताना फोटो चांगला येत नाही, म्हणून गर्दी नाही, असा माझा एक सिद्धान्त आहे.

आता रडण्याची गोष्ट. २००९ चा नोव्हेंबर. आम्ही चौघी. चढून गेलो, वर भाकरी खाल्ली, उन्हात लोळलो आणि उतरायला तीन वाजवले. आडव्या वाटेवर माझ्या उजव्या बुटाचा तळ निघाला. पुढून सुटला आणि मगरीच्या जबड्यासारखा प्रत्येक पावलाला उघडायला लागला. घसाऱ्यावर. ओढणी फाडून बांधला, दहा मिनिटांत सुटला. सॅकचा बंद काढून बांधला, तो टिकला, पण पाऊल सपाट पडेना. वीस मिनिटांच्या आडव्या वाटेला तास गेला. जंगलात शिरलो तेव्हा ऊन डोंगराआड गेलेलं. आम्ही गडबडीत ठळक वाट धरली, म्हणजे कोणती ते तुम्ही ओळखलंच असेल. सहाला अंधार. चौघींत एक बॅटरी, तिचे सेल माझ्या बुटाइतकेच जुने. शेवटी खालून कुणीतरी गुरांना हाळी घालतोय असं ऐकू आलं आणि आम्ही त्या आवाजाच्या दिशेने ओरडत उतरलो. तो बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, माझ्या बुटाकडे पाहिलं आणि आपली चप्पल काढून पुढे केली. ती मला लहान झाली. तरी तीच घालून गावात आले. तो अनवाणी पुढे चालत होता.

बूट दोन वर्षं माळ्यावर पडून होते. न वापरलेल्या बुटाचा डिंक वाळतो, बाहेरून नवा दिसतो. डोंगराआधी आठवडाभर ते घालून बाजारहाट करा.

म्हणून म्हणते, बसगडला अख्खा दिवस द्या. गावातला माणूस सोबत घ्या, तुमचे कितीही गड झालेले असोत. उतवड दुसऱ्या खेपेला. तो या दोघांहून उंच, आणि त्यावर पाणी, पायऱ्या, लोक यांचा भरवसा धरता येत नाही. नुसता दमवणारा आहे तो. मला फारसा आवडला नाही, पण तो माझा दोष असेल. मी गेले तेव्हा मार्चची दुपार होती.

डोंगर सोपा की अवघड हे मी आता एकाच गोष्टीवरून ठरवते. दिवस मावळताना, पाय दमलेले असताना, एकटीला खालची वाट सापडेल का? अंजनेरीला डोळे झाकून सापडेल. हरिहरला सापडेल, पण पायऱ्यांच्या खाली आल्यावर. बसगडला नाही. नकाशावरच्या फुटांना यात कुठे जागा नाही.

हरिहरचा स्कॉटिश कडा चढायचा असेल तर तयारी काय करावी? मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हिडिओ बघून गाठी शिकलोय. – एक विद्यार्थी, संगमनेर

अरे, गाठी शिकलास ते छान. आता त्या गाठींवर दुसऱ्याचा जीव टांगायची वेळ आली तर तू झोपशील का, ते स्वतःला विचार.

हरिहरच्या एका अंगाचा तो सरळसोट कडा सुमारे १७० मीटरचा. १९८६ च्या नोव्हेंबरात डग स्कॉट यांनी तो पहिल्यांदा चढला, त्यांच्यावरूनच नाव पडलं. हा तोच माणूस, १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून शिखरावर गेलेला. त्यालासुद्धा या कड्याला दोन दिवस लागले. आधी एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचा गिर्यारोहणाचा प्राथमिक कोर्स कर, महिनाभराचा असतो. मग दोन वर्षं चांगल्या चढाईपटूंच्या मागे दोर सांभाळायचं काम कर. कंटाळवाणं असतं, मान दुखते. ते आवडलं तर पुन्हा पत्र लिही.

एवढ्या उभ्या पायऱ्या असताना शत्रूने हरिहर घेतला कसा? – एक वाचक, सोलापूर

पायऱ्यांवरून नाही घेतला! १६३६ मध्ये निजामशाही बुडाली तेव्हा शहाजीराजांना त्र्यंबकबरोबर हाही किल्ला मोगलांच्या खानजमानच्या हवाली करावा लागला. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्र्यंबक घेतल्यावर आसपासचे सतरा किल्ले त्यांच्या ताब्यात आले, त्यांत हा होता. दोन्ही वेळी वर चढला तो कागद. कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने इथला उभा जिना पाहून थक्क झाल्याचं लिहून ठेवलंय. इंग्रजांनी इतर किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या आणि या पायऱ्या मात्र राखल्या, असं ट्रेकर मंडळी सांगतात. दगडात कुठे स्फोटाची खूण दिसत नाही एवढं मी बघितलंय.

पावसाळ्यात निरगुडपाडा सुंदर दिसतो म्हणतात. जुलैत जावं का? – एक वाचिका, नवी मुंबई

दिसतो सुंदर. गावातून बघा. जुलैत हरिहरच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं, खोबण्यांत शेवाळ असतं आणि वर ढगात पुढच्या माणसाची पोटरी तेवढी दिसते. गर्दीमुळे वनखाते अधूनमधून बंदीही घालतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. बंदी असली तर 'आडवाटेने नेतो' म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. सप्टेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ चांगला. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं, काठीने आपटत चाला. आणि कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा यांतलं काहीही नको, चुपचाप मागे फिरा.

गावातला वाटाड्या आणि जेवण यांचे किती द्यावेत? – दोन-तीन वाचकांनी विचारलंय

आदल्या संध्याकाळी विचारा, जो आकडा सांगतील तो द्या. घासाघीस करणाऱ्यांच्या पायांत बहुधा दहा हजारांचे बूट असतात, हे मी खूपदा पाहिलंय. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा सांगून ठेवा. चपातीचा आग्रह धरू नका, ती त्यांना तुमच्यासाठी मुद्दाम करावी लागते. जुलैत वाटाड्या मिळाला नाही म्हणून एकाने तक्रार केलीय. अहो, जुलैत आवणी असते. भात लावणारा माणूस चिखलातून उठून तुम्हाला डोंगर दाखवायला कसा येईल?

ताई, मी हरिहरच्या पायऱ्या मोजल्या. ११३ झाल्या. बाबा म्हणतात ११७ आहेत. कोण बरोबर? – इयत्ता पाचवी, नाशिक

पुस्तकांत ११७ च छापतात, म्हणून बाबा. पण माझ्या १९९६ च्या वहीत १११ आहेत आणि २००४ च्या वहीत ११९. काही पायऱ्या इतक्या झिजल्यात की त्या मोजायच्या की नाही तेच कळत नाही, आणि कपारीतून पुढे गेल्यावर परत एकपासून मोजायचं की पुढे चालू ठेवायचं यावर आमचं तिथेच भांडण झालं होतं. तू कुठून सुरुवात केलीस ते कळव. आणि मोजताना खाली उतरत होतीस की वर चढत होतीस? उतरताना माझ्या नेहमी दोन जास्त भरतात.